एकशे तीसचा आकडा

मी बोलतोय, प्रसूतिकक्षातलं बाळाचे ठोके मोजणारं यंत्र. बाईच्या पोटावर पट्ट्याने बांधतात ती चकती माझा कान. ऐकलेलं सगळं मी कागदावर रेघ काढून सांगतो. पण कौतुक कोण करणार? "फार किरकिर करतं हे," एवढंच कानी येतं.

खरं आहे म्हणा. बाई कुशीवर वळली, चकती सरकली, की मी ओरडतो. म्हणून इथे सवयच पडली आहे, माझा आवाज बंद करायचा आणि येताजाता नुसता आकडा बघायचा.

त्या दुपारी एक पहिलटकरीण आली, सोबत तिची आई. बाळाचे ठोके एकशे चाळीस होते. मग प्रत्येक कळेला ते घसरायला लागले आणि वर यायला वेळ लावायला लागले. बाळाला प्राणवायू कमी पडत होता. असंच चाललं तर मेंदूला इजा होते, आणि ती जन्मभर पुरते. मी ओरडत होतो, पण आवाज बंद.

नवी सिस्टर आली. तिने चकती जराशी हलवली आणि आकडा एकशे तीसच्या आसपास राहिला.

"बाळ मस्त आहे काकू," ती बाईच्या आईला म्हणाली.

बाळाचे ठोके कळेसरशी उतरत होते, हे तर चढत होते. हे बाळाच्या आईचे होते. कळा सोसून तिचीच नाडी एवढी धावत होती, आणि ती खोटी रेघ मीच काढत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात थोरल्या सिस्टर सलाईन बदलायला आल्या. त्यांनी सवयीने बाईचं मनगट धरलं, घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे.

"दोघांचे ठोके अगदी सारखे? कसे काय?"

त्यांनी चकती खाली सरकवून घट्ट दाबली. सत्तर. बाळाचे ठोके निम्म्यावर आले होते.

"डॉक्टरांना बोलवा. आत्ताच्या आत्ता."

"अहो, आत्ता तर मस्त म्हणालात ना?" काकूंनी नव्या सिस्टरला विचारलं. ती डॉक्टरांना आणायला धावलीसुद्धा.

नऊ मिनिटांत डॉक्टरांनी मुलगी ओढून काढली. ती रडली नाही. तोंडावर मास्क धरून तिला पलीकडे नेलं, काचेच्या पेटीत. "मेंदूचं आत्ताच सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "स्वतःहून दूध ओढू दे, मग बघू."

नवी सिस्टर माझा कागद फाडून स्वतःच डॉक्टरांकडे घेऊन गेली. "मी नाडी बघितली नाही," म्हणाली. तीन दिवस ती ड्यूटी संपली की पेटीपाशी जाऊन उभी राहायची.

मी आता जुना झालोय, पट्टाही सैल पडलाय. एकच मागणं आहे. माझा आकडा छान दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. माझं ऐका, पण आईला हात लावून खात्री करा.

तर त्या वेळी, चौथ्या दिवशी सकाळी काकू दारात आल्या. नवी सिस्टर माझा पट्टा पुसत होती. हातातलं फडकं खाली ठेवून तिने वर बघितलं.

"ओढतेय हो," काकू म्हणाल्या. "चांगली जोर लावून ओढतेय."