मी खोडलेले नाव

मी एक जुना खोडरबर आहे, आणि मित्रांनो, आधीच कबूल करतो, मत्सरी आहे. माझा सगळा जळफळाट शेजारच्या पेन्सिलीवर.

आमच्या शहरातल्या दोन वस्त्या कितीतरी वर्षे एकमेकींच्या जिवावर उठल्या होत्या. मग समेट झाला. पण कोणी काय सोसले ते लिहून ठेवल्याशिवाय मने जुळत नाहीत, असे आमच्या बाईंचे म्हणणे. विद्यापीठात त्यांचे संशोधनच त्यावर. लोक येऊन बोलत. बाई पेन्सिलीने लिहीत, वाचून दाखवत आणि मला पुढे करत. "ज्या नावामुळे कोणाला धोका असेल, ते तुमच्याच हाताने खोडा." मगच कागद टायपिंगला जाई.

कौतुक मात्र पेन्सिलीचे! पाहुण्या प्राध्यापकांनी तिचा फोटो काढला, तेव्हा मी शेजारीच चुऱ्यात पडलेलो. लख्ख भांड्यात जेवताना घासणीची आठवण कोणाला येते?

एकदा एक आजी आल्या. त्यांचा धाकटा मुलगा भांडणाच्या दिवसांत घराबाहेर पडला, तो परतलाच नाही. त्याला कुठे पुरले, ते पलीकडच्या वस्तीतल्या एका माणसाने आजींना गुपचूप दाखवले होते. बोलण्याच्या भरात आजींनी त्याचेही नाव सांगितले. पेन्सिलीने ते दाबून लिहिले आणि ऐटीत आडवी झाली.

मला सहन झाले नाही. टेबल जरासे हलले. थांबायचे तर थांबता आले असते, पण मी घरंगळत थेट कपाटाखाली गेलो. करू दे हिलाच सगळे!

बाईंनी शोधले, मग म्हणाल्या, "राहू द्या, काट मारते."

"काट मारलेलं वाचता येतं, बाई."

टायपिस्ट दारात घड्याळ बघत उभा. "द्या हो आजी, उद्या खोडू."

"त्याला दोन लहान मुली आहेत रे! त्याच्या वस्तीतल्या माणसांना कळलं तर?"

माझा रुसवा त्या मुलींच्या जिवावर बेतणार होता.

आजी कण्हत खाली वाकल्या. पट्टीने मला बाहेर ओढले. "इथे दडलास होय रे मेल्या!" बाहीला पुसून त्यांनी मला कागदावर धरले. नाव गेले, तरी खाच उरली. तीही सपाट होईपर्यंत मी झिजलो.

बाईंनी आजींच्या मुलाच्या नावावर बोट ठेवले. "आणि हे?"

"ते राहू दे. त्यांनी एकदा पुसलंय त्याला. मी नाही पुसणार."

पुढे पुस्तक निघाले. मुखपृष्ठावर कोण? पेन्सिल! अजून जळतो मी, खोटे कशाला बोलू? आता नखाएवढा उरलोय, खणाच्या कोपऱ्यात. आजी मधूनच येतात, बाईंना सांगतात, "दोघी शाळेत जाताना दिसल्या, बापाचं बोट धरून."

मित्रांनो, कोणी विश्वासाने सांगितलेले नाव जिभेवर आले, तर क्षणभर मला आठवा. त्या मुलींच्या बाबांचे नाव मला पाठ आहे. पेन्सिलीला विचाराल तर ती पटकन लिहून देईल.

मला विचारू नका.