दोन खांद्यांमधली जागा

मुलांनो, जरा डोळे मिटा. गुडघे मुडपून बसा, कपाळ जमिनीला टेकवा, हात पुढं सोडा. आता आपल्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, कुणीतरी ऊन तळवा ठेवला आहे असं समजा.

नेमक्या त्याच जागी शालूबाईंनी हात ठेवला. ठेवण्याआधी त्यांनी तळवे एकमेकांवर घासून घेतले होते. फरशी गार होती आणि पोरीचा सदरा पातळ.

"संयोगिता, खांदे वर गेलेत. सोड खाली. श्वास माझ्या हातापर्यंत येऊ दे."

खांदे खाली गेले. बाईंनी हात उचलला, आणि थोड्या वेळानं ते पुन्हा वर आले.

संयोगिताचे आईवडील सोनं गाळण्याच्या धंद्यासाठी दूर तमिळनाडूत होते. तिथला ॲसिडचा धूर तिच्या दम्याला सोसेना, म्हणून ती विट्यात आजोबांजवळ राही. बंगला नवा, मोठा. वरच्या खोल्यांना कायम कुलूप. आजोबा मायाळू होते, पण त्यांची माया दुरूनच हाक मारी : जेवलीस का, दार लावलंस का.

शाळेत योगाच्या तासाला संयोगिता शेवटच्या रांगेत श्वास कोंडून उभी राही, आणि एवढ्या मुलांत ते कुणाच्या ध्यानात येत नसे. म्हणून आईनं फोनवरून शालूबाईंना गळ घातली. "तिच्या एकटीकडं बघा, बाई." बाई शाळेतून निवृत्त झालेल्या खेळाच्या शिक्षिका; आता गावातल्या एका हॉलात मुलांचा योगाचा वर्ग घेत. त्यांनी तिच्या श्वासाच्या मापानं आसनं बसवली. दम लागला की लाज न बाळगता थांबायचं, हेही शिकवलं. या थंडीत दम्याचा पंप दप्तरातून क्वचितच बाहेर निघाला.

मग खांदेच तेवढे का चुकत होते?

पुढच्या मंगळवारी बाई जरा लवकर आल्या. काचेच्या दारातून त्यांना संयोगिता दिसली. एकटीच चटईवर होती, कपाळ टेकलेलं. खांदे सैल, पाठ संथपणे वर येत होती, खाली जात होती. बाई बराच वेळ दाराशी थांबल्या. मग त्यांनी घंटी वाजवली.

शिकवणी सुरू झाली आणि खांदे वर गेले. बाईंनी तळवे घासले आणि रोजच्यापेक्षा जास्त वेळ हात तिथंच राहू दिला.

आजोबा, आकाराम, चहा घेऊन आले.

"बाई, पोरगी आता लय बरी हाय. तुमी कशाला एवढी पायपीट करताय? तुमच्या हॉलातल्या पोरांत धाडतो की तिला."

"मला न्हाई जायाचं," संयोगिता जमिनीकडं तोंड करूनच म्हणाली.

"का गं? हितं बाई तुला लाडू चारत्यात व्हय?"

बाईंनी कपातल्या सायीवर फुंकर घातली. खोटं बोलणं त्यांना जमत नसे.

"खरं आहे तुमचं, दादा. तिला एकटीला शिकवायचं असं आता काही राहिलं नाही."

"मग झालं तर," म्हणत आजोबा रिकामा ट्रे घेऊन आत गेले.

संयोगिता उठली. बाईंकडं न बघता चटई गुंडाळू लागली.

"राहू दे ती," बाई म्हणाल्या. "मला पाहिजे."

गुडघ्यांवर हात टेकत त्या चटईवर बसल्या.

"हॉलात सगळी माझं बघून करतात. माझं काय चुकतंय, ते बघायला कुणी नाही. घरीसुद्धा नाही."

"तुमचं चुकतं?"

"बघ की तूच."

बाई वाकल्या. पांढरा अंबाडा पुढं झुकला, कपाळ टेकलं. त्यांचे खांदे हळूहळू कानांपर्यंत वर गेले आणि तिथंच राहिले.

संयोगिता गुंडाळीचं टोक हातात धरून बघत राहिली. मग तिनं ते सोडून दिलं, बाईंच्या शेजारी गुडघे टेकले, आणि आपले दोन्ही तळवे एकमेकांवर घासायला लागली.