सतरावं प्रकरण

“समन्स पोहोचलं म्हणतोय ना संगणक? मग तुम्हाला कशाला पडलीय?” कारकूनबाई पडद्यावरची नजर न हटवता म्हणाल्या.

बेलीफानं यादी पुन्हा पुढं ओढली. एकतीस वर्षं तो कोर्टाची समन्सं दारोदार नेऊन देत होता. गेल्या वर्षी कायदा बदलला, समन्स मोबाइलवर जाऊ लागलं आणि त्याला आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. बदल वाईट नव्हता. वर्षानुवर्षं कुजणारी प्रकरणं महिन्यात सुनावणीला उभी राहत होती. पण आजच्या यादीतलं सतरावं त्याच्या घशाखाली उतरेना. राहतं घर खाली करून मागणारा पुतण्या आणि समोर त्याची विधवा काकू. या म्हातारीला त्यानं पूर्वी एकदा नोटीस दिली होती. तिनं अंगठा उठवला होता. तिच्याकडे मोबाइल कुठला?

त्यानं तिच्या नावापुढचा नंबर फिरवला.

“काकू इथं नसते. मी पुतण्या बोलतोय,” पलीकडून आवाज आला. “कोर्टाचं ना? मेसेज मिळालाय.”

बेलीफानं फोन ठेवून घड्याळ पाहिलं. म्हातारी आली नाही, तर दुपारच्या आत एकतर्फी हुकूम होणार.

“नसत्या भानगडीत पडू नका,” बाई हळूच म्हणाल्या. “तुमच्यावरच शेकेल. चार महिने राहिलेत निवृत्तीला.”

त्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि रिक्षा पकडली.

म्हातारी उशीचा अभ्रा शिवत बसली होती.

“आजी, आज घराची तारीख आहे.”

“कसली तारीख? पुतण्या म्हणाला, तू घरी निवांत बस, कोर्टाचं मी बघतो.”

“तोच मागतोय घर.”

तिनं सुई अभ्र्यात टोचून ठेवली. चप्पल घालताना तिचा पाय दोनदा चुकला.

ते पोहोचले तेव्हा सतराव्याचा पुकारा होऊन गेला होता. भिंतीवरच्या पडद्यावर, व्हिडिओ कॉलवरून, पुतण्या सांगत होता, “समन्स मिळूनही काकू मुद्दाम आल्या नाहीत, साहेब.”

“आलेय की रे,” म्हातारी दारातूनच म्हणाली.

पडद्यावरचा चेहरा थिजला. न्यायाधीशांनी नंबर तपासायला लावला; तो पुतण्याचाच निघाला. मग विचारलं, “यांना कुणी आणलं?”

बेलीफ पुढं झाला.

“हे तुमचं काम आहे?”

“गेल्या वर्षापर्यंत होतं, साहेब.”

न्यायाधीशांनी थोडा वेळ काहीतरी लिहिलं. म्हातारीला सरकारी खर्चानं वकील आणि पुढची तारीख मिळाली. बेलीफाला, एका पक्षकाराला परस्पर आणल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा द्यायचा होता.

बाहेरच्या बाकावर तिनं हुकुमाचा कागद त्याच्यापुढं धरला. त्यानं शब्दांखाली बोट सरकवत तो दोनदा वाचून दाखवला.

“यात माझं नाव कुठंय?”

त्यानं दाखवलं. तिनं त्या जागेवर आपलं बोट टेकवलं आणि कागद मांडीवर तसाच धरून ठेवला.