खताचं विरजण

धुरपताबाईचं खत चाळलेलं असे.

भूकंपानंतर गाव दोन कोसांवर नव्या जागी गेलं. तिथल्या सरळ रांगांतल्या घरांना उकिरडा ठेवायला जागा नव्हती. धुरपताबाईचं शेत मात्र जुन्या गावाला लागून होतं. तिथल्या गोठ्यातलं शेण ती आपल्या पडक्या घरामागच्या खड्ड्यातच टाकी आणि वर्षभर कुजू देई. उन्हाळ्यात ते उकरून बारीक चाळणीतून मूठमूठ चाळी. त्यात खडा, काच, प्लास्टिक काही सापडायचं नाही. मिरचीच्या वाफ्यासाठी लोक आधीच सांगून ठेवत.

"धुरपे, खत चाळायलीस का चहा गाळायलीस?" शेजारच्या रानातली गौरम्मा विचारी.

"चहाच हाय. बस, तुला बी देते कपभर."

ती खरं काय करते हे फक्त तिच्या नवऱ्याला ठाऊक होतं, आणि तो आता नव्हता.

भूकंपाच्या पहाटे घराची मागची भिंत या खड्ड्यात कोसळली. भिंतीलगत तिची लेक सुकन्या झोपली होती, पाच वर्षांची. ती सापडली तेव्हा एका पायात चांदीचा वाळा होता, दुसऱ्यात नव्हता. शोधायला सवड कुणाला होती? गावातल्या इतरांबरोबर तिलाही सरणावर ठेवलं. लेकीचा एक पाय उघडाच गेला, हे धुरपताबाईच्या मनातून जाईना. वाळा सापडला की नांदेडला जाऊन गोदावरीत सोडायचा, असं तिनं ठरवलं होतं.

दर उन्हाळ्यात ती खताखालची थोडी पडझडीची माती खणून चाळी. तळाला मात्र कधी हात लावत नसे. तिथला हातभर थर तसाच ठेवी.

"विरजण हाय ते," ती सांगे. "त्याच्याबिगर नवं शेण नीट कुजत न्हाई."

ते काही खोटं नव्हतं. पण तळ लागला की शोधणंही संपलं, हे तिला कळत होतं.

तिचा मुलगा सुदर्शन भूकंपाच्या वेळी अहमदपूरला मामाकडे शिकत होता, म्हणून वाचला. आता तो लातुरात क्लासच्या पोरांसाठी खानावळ चालवतो. खानावळीजवळ एक नवं वसतिगृह झालं, त्याच्या बागेला खत हवं होतं. दरम्यान धुरपताबाई भावाकडे बारशाला गेली. या वयात आईनं उन्हात चाळत बसू नये, म्हणून सुदर्शननं तिच्या मागं जेसीबी आणि चाळायचं यंत्र आणलं.

ती परतली तेव्हा बांधावर गोण्यांची थप्पी होती.

"माय, बघ! तुला महिना लागला असता, एका दिवसात झालं," तो हसत म्हणाला.

ती यंत्रानं बाजूला टाकलेल्या खडे-खापरांच्या ढिगाशी जाऊन बसली आणि एकेक खापरी उलटून बघू लागली. ऊन कलेपर्यंत सगळा ढीग तिच्या हाताखालून गेला. मग ती खड्ड्यात उतरली. खाली पिवळा मुरूम उघडा पडला होता. त्यावर तिनं तळवा फिरवला.

"काय हरवलं, माय?"

"सुकन्याचा वाळा."

सुदर्शन खड्ड्याच्या काठावरच खाली बसला. "मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू बी जन्मभर चाळत बसला असतास." तिनं पदरानं हात पुसले. "थोडं विरजण तरी ठेवायचं होतंस, बाबा."

तो धडपडत उठला. थप्पीवरची एक गोणी ओढत त्यानं खड्ड्याच्या कडेला आणली आणि तिचं तोंड सोडू लागला.

"हे ओततो ना परत खाली. ह्याच खड्ड्यातलं हाय, माय."

"राहू दे," ती म्हणाली. "ते चाळलेलं हाय. त्यात काही न्हाई."