एन म्हणजे निवांत

मित्रांनो, मी आहे एका जुन्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मला सहसा कुणी पाहिलेलं नसतं. लोक गाडीचा रंग बघतात, दिवे बघतात, मुलं हॉर्न वाजवून पळतात. मी आपला खाली, गाडीच्या पोटाशी, अंधारात. पण मला सगळं कळतं आणि मी काही विसरत नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

माझा जन्म एका लखलखीत कारखान्यात झाला. माझ्या आत चकत्यांच्या चवडी रचल्या गेल्या. एक चकती खरखरीत, एक गुळगुळीत, पुन्हा एक खरखरीत. एक चवड गाडी पुढे न्यायची, दुसरी मागे. मग माझ्यात लालचुटूक तेल भरलं. त्या तेलाचा दाब आला की चकत्या एकमेकींना घट्ट धरतात आणि गाडी चालू लागते.

मला घेतलं ते बाईंसाठी. बाईंचं चष्म्याचं दुकान आहे. लहानपणीच्या आजारात त्यांचा डावा पाय अशक्त झाला. साध्या गाडीत क्लच दाबायला डावाच पाय लागतो, म्हणून गाडी चालवणं त्यांच्या वाट्याला आलंच नव्हतं. माझ्या गाडीला क्लच नाही. पहिल्या दिवशी त्या हसत होत्या की रडत होत्या, हे मला खालून दिसलं नाही, पण घर आलं तरी त्या थांबल्या नाहीत, आणखी एक फेरी मारूनच आल्या.

काय चालवायच्या बाई! गाडी पूर्ण थांबली की मगच गिअरच्या दांड्याला हात लावायच्या. मला धरायला क्षणभर वेळ द्यायच्या, झोपलेल्या बाळाला कुशीवर वळवताना देतात तसा. वेळेवर तेल बदलायच्या. मी त्यांच्यासाठी जीव टाकायचो.

मग त्यांचे यजमान निवृत्त झाले. बाई त्यांना ‘अहो’ म्हणतात, म्हणून मीही त्यांना अहोच म्हणतो. अहोंनी एके सकाळी किल्ली खिशात घातली आणि म्हणाले, “आयुष्यभर धावपळ केलीस. आता तू बस निवांत. मी नेतो, मी आणतो.”

बोलणं गोड होतं. पण त्या दिवसापासून दुकान अहोंच्या सोयीनं उघडू लागलं. त्यांचा पेपर वाचून झाला की मग दाढी, दाढी झाली की मग गाडी. गिऱ्हाइकं बंद दारासमोर उभी. बाई शेजारच्या सीटवर घड्याळ बघत.

आणि मी? माझ्या दांड्याजवळ पी, आर, एन, डी अशी अक्षरं आहेत: पी म्हणजे पार्किंग, आर म्हणजे मागे, एन म्हणजे न्यूट्रल, डी म्हणजे पुढे. पण एनचा अर्थ अहोंनी स्वतःचाच लावला होता. “एन म्हणजे निवांत! उतारावर एनमध्ये टाकायची, पेट्रोल वाचतं, गिअरलाही आराम.” घराकडून दुकानाकडे लांब उतार आहे. वर दांडा एनमध्ये, खाली गाडी भरधाव असताना खाडकन डीमध्ये. आराम कसला, मित्रांनो! धावत्या माणसाचा पाय धरून ओढावा, तशा माझ्या पुढच्या चकत्या होरपळून निघायच्या. तेल काळं पडलं. ते बदलायचं म्हटलं की अहो म्हणत, “चालतेय ना? मग चालू दे.”

मी आधी एक धक्का दिला. अहो म्हणाले, “खड्डा होता.” मी कण्हू लागलो. त्यांनी रेडिओचा आवाज वाढवला. तेव्हा मी ठरवलं, बरं. ऐकू येत नाही ना? मग दिसेल. चारचौघांत दिसेल. मी दात धरून बसलो आणि दिवस निवडला.

त्या दिवशी मागच्या सीटवर अहोंचे साडू होते. अहोंना ज्यांच्यापुढे मोठेपणा मिरवायचा असे, ते हेच. “ऑटोमॅटिक चालवणं ही कला आहे, साडूभाऊ,” अहो सांगत होते. उतार संपला, सिग्नल लाल होता, गाडी थांबली. सिग्नल हिरवा झाला. अहोंनी डीमध्ये टाकलं. इंजिन गुरगुरलं. गाडी जागची हलली नाही. मागून हॉर्न सुरू झाले. अहोंनी सगळी अक्षरं चाचपून पाहिली. शेवटी आर. मागच्या चकत्या मी जपून ठेवल्या होत्या. गाडी लोण्यासारखी मागे निघाली, मागचे हॉर्नवाले घाईनं बाजूला झाले.

“अहो, पुढे!” बाई ओरडल्या.

“पुढे जात नाहीये!”

साडू मागच्या काचेतून बघत म्हणाले, “मग आज पुढे मी बसलोय म्हणायचं! या, या, अजून या. न्हाव्याचं दुकान आलं, जपा.”

शेजारच्या गल्लीत गॅरेज होतं. न्हाव्याच्या दुकानावरून, शाळेच्या फाटकावरून अहोंची गाडी पाठमोरी गेली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मी अजून पुरवून पुरवून ऐकतो.

गॅरेजवाल्याला सगळे भोंगा म्हणतात, कारण त्याला हळू बोलताच येत नाही. त्यानं खालचा नट काढला. भांड्यात काळं, करपलेलं तेल पडलं. “वास घ्या!” तो गरजला. “ह्याच्या नादी लागू नका. भंगारात द्या!”

“मीही तेच म्हणतो,” अहो म्हणाले. “साधी गिअरची गाडी घेऊ.”

“आणि मी कशी चालवणार?” बाईंनी विचारलं.

“तू कशाला चालवतेस? मी आहे ना.”

मित्रांनो, तेव्हा माझ्या रागाला डोळे फुटले. मी नेम धरला होता अहोंवर आणि घाव बसत होता बाईंवर. मी भंगारात गेलो की त्यांचं गाडी चालवणंही माझ्याबरोबर जाणार होतं. आता माझ्याकडे एकच हत्यार उरलं होतं, माझं जळलेलं पोट. ते कुणीतरी उघडून बघायला हवं होतं.

“उघडा,” बाई म्हणाल्या. “आत काय झालंय ते मला बघायचंय.”

भोंग्यानं मला खाली उतरवलं, उघडलं, पुढे न्यायच्या आणि मागे न्यायच्या चकत्या टेबलावर वेगवेगळ्या मांडल्या. काचेवरचा केसाएवढा ओरखडा ओळखणाऱ्या बाईंनी एक एक चकती उजेडात धरली. “मागे जायच्या नव्यासारख्या आहेत. पुढच्याच का जळल्या?”

“चालत्या गाडीत एनमधून डीत टाकलं की जळतात. कोण टाकतं?”

“मी तर मागे बसलो होतो,” साडू म्हणाले.

अहोंनी घसा खाकरला. “उतारावर जरा निवांत...”

“मलाही तुम्ही निवांतच बसवलंत,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढे केला. “किल्ली द्या.”

“अगं, लोकांसमोर...”

“लोकांसमोर उलटे आलातच की!”

किल्ली त्यांच्या हातात पडली. मग त्या भोंग्याकडे वळल्या. “दुरुस्त करा. मी चालवणार आहे.”

पुढचे दिवस माझ्या लाडाचे. भोंगा चिंधी वापरत नसे. आतल्या बारीक वाटांमध्ये एक धागा अडकला तरी दाब अडतो. बाईंनी भिंगं पुसायची मऊ फडकी आणून दिली. नव्या चकत्या बसवण्याआधी तेलात बुडवून मुरवल्या. रबराची कडी नवी, जाळी नवी, तेल पुन्हा लालचुटूक. भोंगासुद्धा झाकण लावताना हळू बोलला.

मित्रांनो, तुमच्या घरात जे मुकाट्यानं राबतं, ते कण्हलं तर रेडिओचा आवाज वाढवू नका. त्याला तेल द्या, वेळ द्या. ज्याला तोंड नसतं, त्याची वेळ मात्र येते.

मी अहोंना माफ केलेलं नाही. आता दुकान वेळेवर उघडतं. बाई गाडी चालवतात, आणि काचांची नवी पेटी आणायची असली की अहो मागच्या सीटवर ती मांडीवर धरून बसतात. बाई डीमध्ये टाकतात. मी इतक्या हळुवारपणे गाडी उचलतो की पेटीतली एकही काच किणकिणत नाही. अहो कान देऊन ऐकत असतात, एकदा तरी वाजेल आणि बाईंच्या चालवण्याला नाव ठेवता येईल म्हणून. मी वाजू देत नाही. हा माझा दर खेपेचा सूड.