पिवळ्या तापाची सुई

श्यामराव रशियाला गेले होते ते पोलाद कारखान्यातर्फे तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला, आणि तेही वीस वर्षांपूर्वी. पण तेवढ्या भांडवलावर माणूस जन्मभर परदेशाचा जाणकार म्हणून मिरवतो, हे सुशीलाबाई दर रविवारी श्यामरावांच्या सेक्टर ६ मधल्या कारखान्याच्या क्वार्टरात बसून पाहत होत्या.

साल अठ्ठ्याऐंशी. ओळखीचे आठ जण केनियाला सिंह पाहायला निघाले होते. पासपोर्ट भोपाळहून आले होते, नागपूरच्या टूरवाल्याकडे जागा पक्क्या झाल्या होत्या. पुढारी कोणी निवडला नव्हता. श्यामराव आपणच झाले. गर्दीत कोणी हरवू नये म्हणून बायकांनी लालभडक साड्या नेसाव्यात, असे त्यांनी ठरवले. सोबत एक शिट्टी घ्यायची होती.

"शिट्टी कायले?" सुशीलाबाईंनी विचारले.

"शेर अंगावर आला तर."

तीस वर्षे नर्स म्हणून काढलेल्या सुशीलाबाईंनी मूर्ख पुष्कळ पाहिले होते; पण ते बहुधा स्ट्रेचरवर आडवे असत, निदान गप्प असत. त्यांनी टूरवाल्याला पत्र घालून सगळे विचारून घेतले होते. उत्तर काढून त्यांनी वाचून दाखवले. कपडे मातकट रंगाचे. गाडीतून उतरायचे नाही. मलेरियाच्या गोळ्या आधीपासून सुरू करायच्या. आणि पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी. ती कलकत्त्याला मिळेल.

"सिस्टर, आपण शेर पाहाले जाऊन राहिलो, डास पाहाले नाही," श्यामराव म्हणाले. बाकीचे हसले. "रशियात मले कोणी सुई टोचली नाही. माह्या ओळखीचा एक डॉक्टर आहे, लसीच्या आठही कार्डांवर ठप्पा मारून देते."

"ठप्प्यानं ताप थांबते काय?"

"तुम्ही लय भेवून राहिल्या."

भिंतीशी वाद घातलेला परवडला, ती निदान रशियाला गेलेली नसते. "मी मंगळवारी कलकत्त्याले जातो. ज्याले यायचं त्यानं दुर्ग स्टेशनावर यावं," म्हणून सुशीलाबाई उठल्या.

मंगळवारी हसणाऱ्यांतलेच पाच जण मान खाली घालून फलाटावर आले. गाडी लागता लागता सहावी आली, श्यामरावांची बायको कमलिनी.

"आमच्या ह्यायले सांगू नका, सिस्टर. बहिणीकडे रायपूरले जातो म्हणून सांगितलं."

"ते पण आले असते तर बरं झालं असतं."

"ते कायले येतीन? बोलूनच बरे होते ते. मले जगायचं आहे."

केनियात सिंह दिसले. काटेरी झाडाखाली एक सिंहीण पिल्लांना चाटत पडली होती आणि अर्धा तास सुशीलाबाईंना श्यामराव या जगात असल्याचाच विसर पडला. मग श्यामरावांनी फोटोसाठी गाडीचे दार उघडायला घेतले. ड्रायव्हर ओरडला. सुशीलाबाईंनी त्यांचे मनगट पकडून त्यांना खाली बसवले. नाडी घोड्यासारखी धावत होती.

"मी उतरत नव्हतोच," श्यामराव म्हणाले.

परतताना मुंबईच्या विमानतळावर आरोग्य अधिकाऱ्याने कार्डे तपासली. सात पुढे सरकली. आठवे त्याने उजेडात धरले, ठप्प्यावरून अंगठा फिरवला आणि सांगितले की यांना सहा दिवस वेगळे ठेवावे लागेल.

"कमलिनी, तू थांब माह्याजवळ," श्यामराव म्हणाले. "तुलेही ठेवतीन."

"मले कायले? मी सुई टोचून घेतली."

"कवा?"

"रायपूरले," कमलिनी म्हणाली आणि आपली बॅग उचलून चालू लागली.

महिनाभराने सुशीलाबाई भाजी घेऊन सिविक सेंटरच्या बाजारातून येत होत्या, तर चहाच्या दुकानात श्यामराव दहा-बारा जणांना सांगत होते की सरकारने त्यांना खास तपासणीसाठी पाहुणा म्हणून ठेवून घेतले होते. शेजारी कमलिनी चहा पीत होती.

"ठप्पा खोटा होता," तिने कप खाली न ठेवता सांगितले. "म्हणून कोंडून ठेवलं."

सगळे खो खो हसले. सर्वांत मोठ्याने श्यामराव हसले. हसू ओसरताच ते पुढे झुकले आणि पुढच्या साली इजिप्तला जायचा बेत सांगू लागले. ऐकणाऱ्यांतल्या चौघांनी खुर्च्या जवळ ओढल्या. एकाने तर वहीच काढली.

सुशीलाबाईंनी त्या चौघांकडे एकदा नीट पाहिले, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि ऑटोला हात केला.