पेशवाजींची आई

दिल्लीतल्या द्वारकेच्या सोसायटीत सिद्धांत मेश्रामला लोक ‘पेशवाजी’ म्हणत. सुरुवात सेक्रेटरी खुरानाजींनी केली. नऊ वर्षांपूर्वी लिफ्टमध्ये त्यांनी विचारलं, “महाराष्ट्र से? अच्छा, मराठे! पानिपत वाले!” आणि हा नुसता हसला. मेश्राम म्हणजे कोण, हे दिल्लीकराला कुठून कळणार? त्याला सगळा महाराष्ट्र एकच. भंडाऱ्याच्या बौद्ध वस्तीतून आलेल्या शामराव चपराशाचा मुलगा मंत्रालयात अंडर सेक्रेटरी झाला होता, आता फुकटात पेशवाही झाला. ज्या पेशवाईचं नाव त्याच्या घरात शिवीसारखं घेतलं जायचं, ते त्याने नऊ वर्षं मिरवलं. लाज वाटत नव्हती का? वाटायची. सवडीने.

त्याची आई मीराबाई. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरात तिने तीस वर्षं काढली. शामराव ऑफिसला गेले की ती धुणीभांडीवाल्या, झाडूवाल्या बाया ओट्यावर गोळा करायची आणि त्यांना सही शिकवायची. पुढे तिने पानिपतची वाट धरली. तिथे परदेशातून आलेल्या जुन्या कपड्यांचा धागा करतात. ते कपडे फाडणाऱ्या, त्यांची बटणं-चेनी कापणाऱ्या बायांची बोटं चिरलेली आणि छातीत धूळ. दर रविवारी मीराबाई त्यांच्यात. कुणाचं रेशन कार्ड, कुणाचा दवाखाना. मालक दारात उभं करत नव्हता, तर ही आत जाऊन त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. छोट्या सिद्धांतला बरोबर न्यायची आणि कपड्यांच्या ढिगावर बसवून त्याचे पाढे घ्यायची. एवढं करून रोज पहाटे चारला त्याला अभ्यासाला उठवण्यात एका दिवसाचा खाडा नाही. हा साहेब झाला तो त्या पहाटांवर.

शामराव गेल्यावर ती द्वारकेला राहायला आली. पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला, “आई, इथे खाली कुणी भेटलं तर... नमस्ते म्हणत जा.”

तिने चष्म्यातून त्याच्याकडे बघितलं. “बरं,” म्हणाली. भांडली नाही. जगाशी भांडणारी बाई पोटच्या पोराशी भांडली नाही, आणि याला वाटलं, पटलं तिला.

गेल्या महिन्यात ती गेली. सिद्धांतने कार्यक्रम दोन ठेवले. सकाळी विहारात जलदान विधी, पांढरे कपडे, भंतेजी, त्रिशरण, पंचशील. संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये भजनवाला आणि ‘शांती सभा’.

“एकाच आईचे दोन कार्यक्रम?” बायको नीलमने विचारलं.

“प्लीज यार, नीलम. सोसायटीवाल्यांचं वेगळं असतं.”

“सोसायटीवाल्यांचं नाही, तुमचं वेगळं असतं.”

संध्याकाळी हॉल भरला. भजनवाल्याने सूर लावला होता, तेवढ्यात दारात अकरा बाया येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावर पांढऱ्या चुन्न्या, पायांत रबरी चपला. पुढे संतरो होती, पानिपतची, साठीची. त्यांची गाडी रखडली होती. विहारात पोचल्या तेव्हा विधी उरकलेला होता, आणि तिथल्याच कुणीतरी त्यांना इथला पत्ता दिला होता. संतरो सरळ फोटोपाशी गेली, वाकली आणि भर हॉलमध्ये सिद्धांतकडे वळून हात जोडून म्हणाली, “जय भीम, भैया.”

भजनवाला थांबला. खुरानाजींची मान वळली. सिद्धांतच्या तोंडात तो शब्द होता. बोलायला शिकला तेव्हापासूनचा होता.

“नमस्ते,” तो म्हणाला.

संतरोने त्याच्याकडे एकदाच पाहिलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. तिला सगळं समजलं होतं, आणि तिने त्याला सांभाळून घेतलं.

“आप लोग?” खुरानाजींनी विचारलं.

“आंटीजी से सिलाई सीखी थी, जी. पुरानी जान-पहचान है, बस.”

इतकं सराईत खोटं! मीराबाईला सुईत दोरा ओवता येत नव्हता.

चहा सुरू झाल्यावर तो कप घेऊन तिच्याजवळ गेला. “सिलाई क्यों बोला?” त्याने हळूच विचारलं.

“आंटी ने समझा रखा था,” तीही हळूच बोलली. “कहती थीं, मेरे बेटे के घर मत आना, उसकी नौकरी बड़ी है. कोई पूछे तो सिलाई बोलना. हर मंगल को हम मेट्रो के पुल के नीचे मिलते थे. वहीं फुटपाथ पे बैठ के फारम भरती थीं. आज मन नहीं माना, भैया. माफ़ करना.”

मंगळवार. दर मंगळवारी आई थर्मास भरून, गुडघा धरून घराबाहेर पडायची, आणि तो नीलमला सांगायचा, पार्कात मैत्रिणी मिळाल्यात तिला, मन रमतंय. मालकासमोर खुर्ची ओढून बसणारी बाई चौऱ्याहत्तराव्या वर्षी पुलाखाली लपून बसत होती. पोराचं खोटं उघडं पडू नये म्हणून. आणि जाताना ते खोटं राखायचं काम या अकरा जणींवर सोपवून गेली होती. वर माफीही संतरोच मागत होती.

बाया उठल्या. परतीची गाडी होती. सिद्धांतची मुलगी श्रावस्ती, नववीतली, त्यांना सोडायला गेटपर्यंत गेली. परत आली आणि दिल्लीच्या पोरांच्या हिंदीमिश्रित मराठीत, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “पप्पा, त्यांना नमस्ते का बोलले? आजी रोज मला जय भीम बोलायची. दरवाजा बंद करून.”

“चूप,” तो म्हणाला.

निम्मे लोक अजून चहा घेत उभे होते. खुरानाजी बिस्किटांपाशी. बोलायला अजून वेळ होता, माणसंही होती. माइकवाला वायर गुंडाळत जवळ आला. “सर, कुछ और बोलना है? नहीं तो मशीन बंद कर दूँ?”

सिद्धांतने माइककडे पाहिलं. श्रावस्तीने सिद्धांतकडे.

“कर दो,” तो म्हणाला. दिवसभरात त्याचा आवाज एवढाच ठणठणीत निघाला.